अप्पांचा दोर

सेक्टर ३४ मधल्या क्लासमध्ये मी माशांचे कल्ले शिकवत होते, तेव्हा मीनलचा मेसेज आला... अप्पा गेले. फळ्यावरचा मासा अर्धा सोडून मी बाहेर आले. पहिला विचार मनात आला तो असा, की आता माझे कपडे नीट वाळतील. स्वतःचीच लाज वाटली.

मीनल ही अप्पांची मुलगी. इथे उत्तरेत, खरडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. तिची आई गेल्यावर तिने अप्पांना गुहागरकडून इथे आणलं. महिन्याभरात वरच्या बाल्कनीतून एक काथ्याचा दोर माझ्या बाल्कनीत उतरला आणि धुतलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकायला लागलं. मी तावातावाने वर गेले, आणि दोन तास मासे ऐकून, आंबोळ्या खाऊन परत आले.

अप्पा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. गावचा ओढा खाडीला मिळतो. त्यावर तरुणपणी त्यांनीच विद्यार्थ्यांच्या श्रमदानातून सिमेंटचा बंधारा घातला होता. नारळ फोडला, फोटो काढले. पुढच्या पावसाळ्यात मासे मोजायला गेले, तर बंधाऱ्याखाली वाम, खरबी, नाना जातींची गर्दी आणि वर नुसते बेडूक. खाडीतून वर येणारी पिल्लं भिंतीपाशी अडली होती. ‘माशांचं दार मीच बंद केलं गं,’ असं अप्पा म्हणायचे, तेव्हा त्यांच्याकडे बघवत नसे. गाव त्याच पाण्यावर होतं, त्यामुळे बंधारा फोडायची सोय नव्हती. मग भिंतीवरून दोर सोडायचा, तो ओला राहिला की वामेची पिल्लं त्याला बिलगून चढतात, हा त्यांचा उपाय. कुठला दोर जास्त वेळ ओला राहतो, याची परीक्षा माझ्या कपड्यांवर चालू होती.

या गृहस्थांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता. कोपऱ्यावरचा मासळीवाला मला म्हणायचा, “मैडमजी, अंकल लेते कुछ नहीं, पर मछली का नाम गलत बोलूँ तो डाँटते हैं.”

दर रविवारी ते गावी पुतण्याला, बाळूला, फोन लावायचे. दोर आहे का? बाळू म्हणायचा, आहे. कोण चढलं? कोणी नाही. मग अप्पांना चहासुद्धा नको व्हायचा. हॉस्पिटलात शेवटचं भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, “बाळूला विचारत जा.”

तेरावं झाल्यावर मी विचारलं. बाळू फोनवर रडायलाच लागला. “ताई, दोन वर्षं दोर वासराला बांधलाय. अप्पांना सांगायची हिंमतच झाली नाही हो.” मी त्याला अप्पांच्या वाटचंही बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने नवा दोर सोडला.

परवा त्याचा व्हिडिओ आला. ओल्या दोरावर बोटभर लांब, शेवईएवढी बारीक वाम. थांबत, घसरत... आणि बंधाऱ्याच्या वर. मी आणि मीनल जिन्यातच बसून रडलो. अप्पा म्हणाले असते, एका वामेने काही सिद्ध होत नाही, पुढच्या रविवारी परत बघा.

तसं मी बघते आहे. बाळू वैतागतो. आमच्या बाल्कनीतला दोरही अजून तसाच लोंबतोय, वरून पाणी मात्र कोणी सोडत नाही. तरी मी कपडे त्याच्यापासून हातभर लांबच वाळत घालते.