इंटरव्हलची वाट

बायकोसोबतचं शेवटचं साधं काम म्हणजे मी तिच्या बुटाची लेस बांधली आणि आम्ही सिनेमाला गेलो. कॅनडात पोरीच्या घरी होतो. साडीवर बूट घालून ती हसत होती, "लोकं म्हणतीन, म्हातारा बायकोचे पाय धरून राहिला."

"मुकाट्यानं पाय पुढं कर वं," मी म्हटलं.

तिकडं जाऊन चार महिने झाले होते. पोरगी अन् जावई कामावर, आम्ही दोघं खिडकीपाशी बर्फ पाहत. पोरीलाच कीव आली. तिनं दुपारच्या शोची दोन तिकिटं काढली, आम्हाला थिएटरात खुर्च्यांवर नेऊन बसवलं आणि ऑफिसला गेली. सिनेमा इंग्रजी. मी सातवी शिकलो, ती चौथी. पण चित्रं तर दिसतात. बायकोनं पर्समध्ये चिवडा लपवून आणला होता. "इंटरव्हलमध्ये खाऊ," म्हणाली.

अर्धा तास झाला असेल. तिनं माझं मनगट धरलं.

"छातीत दाबल्यावानी होऊन राहिलं. बाहेर चला न जरा."

"इतक्या लोकाइच्या पायावरून जाशील का? आता इंटरव्हल होईल. बस चुपचाप."

हे माझे शब्द. यातलं एक अक्षरही मी बदललेलं नाही.

ती बसली. आम्ही नागपूरजवळच्या कोराडीच्या क्वार्टरमधून बसनं शहरात सिनेमाला यायचो, तेव्हापासून सिनेमा म्हणजे मधात दारं उघडणार, लाईट लागणार, समोसे येणार. जगात सगळीकडं तसंच असेल, हे मी धरूनच चाललो होतो. पडद्यावर मोटारी पळत होत्या, मग एक बाई रडली. गोष्टच कळत नव्हती, तर निम्मी झाली की नाही ते कुठून कळणार? मी पडदा सोडून दाराकडं पाहू लागलो. मग घड्याळाकडं. मग पुन्हा दाराकडं.

दोनदा वाटलं, उठावं. आमच्या आणि वाटेच्या मधात सहा माणसं बसली होती, पाय पसरून. त्यांना बाजूला व्हा कसं म्हणायचं तेच मला येत नव्हतं. बायकोला मी लोकांचं कारण सांगितलं. लाज मला वाटत होती.

"झाला का हो इंटरव्हल?"

"होते. होते आता."

तिचा हात घामानं ओला झाला होता. मी तिचा स्वेटर काढला.

"पाणी देऊ?"

"नोको. तुमी पाहा सिनेमा."

पुढं तिनं विचारणं बंद केलं. मला वाटलं, बरं वाटत असेल.

मग लाईट लागले. "चल, झाला एकदाचा," मी म्हटलं. पण लोक कोट घालत होते आणि पडद्यावर नुसती नावं सरकत होती. झाडू घेऊन एक मुलगी आली. तिला विचारलं, "इंटरव्हल?" तिला काही समजलं नाही. "फिनिश," म्हणाली. मी वळून पाहिलं तर बायकोला उठता येत नव्हतं. त्या मुलीनंच ॲम्ब्युलन्स बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरनं ऑफिसातून धावत आलेल्या पोरीला विचारलं, पोरीनं मला.

"बाबा, दुखणं कधी सुरू झालं?"

"सिनेमा लागल्यावर अर्ध्या तासानं. दोन तास होऊन गेले."

"दोन तास? मग बाहेर काहून नाही आले?"

"इंटरव्हलची वाट पाहून राहिलो होतो."

"इथं इंटरव्हल नसतो बाबा." आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. "मी तुमाले सांगितलंच नाही."

संध्याकाळी बायको गेली. आता नागपुरात लोक समजूत काढतात, तिची वेळ आली होती म्हणतात. ती वेळ मी घड्याळात पाहत बसलो होतो.

तिकडं कॅनडात दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरचे फोन सुरू झाले. सक्करदऱ्याहून बायकोच्या धाकट्या भावाचा आला. आई लवकर गेल्यावर त्याला तिनंच वाढवलं होतं. तो रागीट. एकदा बोलणं तोडलं की तोडलं. पोरगी त्याला सांगत होती, "अचानक झालं मामा. कोणाले काही समजलंच नाही. मीच पाठवलं त्याइले सिनेमाले, माझीच चूक झाली." जावई मला हातानं खुणावत होता, तुम्ही बसा.

मी उठलो आणि पोरीच्या हातातून फोन घेतला.

"भाऊजी, बोला न. कसं झालं?"

"ऐक गा," मी म्हटलं. "अचानक नाही झालं. तुह्या बहिणीनं मले बाहेर चला म्हटलं होतं. मीच तिले बसवून ठेवलं. पोरीची काही चूक नाही."

पोरगी फोन मागत होती. मी दिला नाही. तो जे बोलेल ते ऐकायला फोन कानाशी धरून उभा राहिलो.