दारातली पाटी

डिंभ्याची संध्याकाळची गाडी कॉलेज सुटता सुटताच निघायची. ती चार वेळा चुकली, की बाप पोरीचं कॉलेजच बंद करायचा. वेळ बदला म्हणून आम्ही संघटनेवाल्यांनी पत्रकं वाटली, घोषणा दिल्या. वेळ बदलली नाही!

त्याच गाडीने एक मासळीवाली परतायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. आपली रिकामी पाटी ती थेट दारात ठेवायची आणि पदराने सावकाश पुसत बसायची. दार लागायचंच नाही.

"मावशी, पाटी आत घ्या!" कंडक्टर ओरडायचा.

"वली हाय भाऊ. वाळू दे की जरा."

धापा टाकत पोरी चढल्या, की पाटी लगेच वाळायची. पुढच्या बाकावरचे कापडवाले शेठ मात्र नाकाला रुमाल लावून रोज चरफडायचे.

एके दिवशी ती आलीच नाही. दार मोकळं होतं आणि पोरींचा पत्ता नव्हता. कंडक्टरने घंटी मारली. तेवढ्यात शेठ उठले आणि त्यांनी आपलं कापडाचं गाठोडं दारात नेऊन ठेवलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "गाठोडं वलं हाय का, शेठ?"

"लई वलं हाय," शेठ म्हणाले.

अख्खी गाडी हसली, आणि थांबली.

वेळापत्रकाविरुद्ध मी आजही भांडतो. पण त्या गाडीने पोरींना मागे ठेवणं तेव्हापासून सोडलं.