वीतभर चुकीचा विमा

हिनर्क वोल्टमान स्वतःचा चष्मा दिवसातून तीनदा हरवत असे. त्याच्या छत्र्या हांबुर्गच्या निम्म्या कॉफीघरांत मुक्कामाला होत्या. पण दुसऱ्याचा माल? कालव्याकाठच्या त्याच्या गोदामातून एक्केचाळीस वर्षांत मिऱ्याचा एक दाणा इकडचा तिकडे झाला नव्हता.

"माझंच चुकलं," त्याची बायको आल्मुथ म्हणे. "याच्या घरी बायको म्हणून येण्यापेक्षा पोतं म्हणून यायला हवं होतं. निदान कोरड्या जागी तरी ठेवलं असतं."

या सगळ्या सांभाळण्याचं मूळ हिनर्कच्या उजव्या हातात होतं. पोत्यांची थप्पी बाहेरच्या भिंतीपासून वीस सेंटिमीटर दूर हवी, असा विमा कंपनीचा नियम. पोत्यांना काही महिन्यांत पोट सुटतं आणि विटांच्या जुन्या भिंतीला ओल्या हवेत घाम फुटतो. त्या दोघांची गाठ पडू नये, एवढाच त्यातला हेतू. बाकीचे गोदामवाले टेप लावून मोजत. हिनर्क पंजा ताणून अंगठा भिंतीला टेकवी आणि करंगळी पोत्याला. त्याची वीत एकवीस सेंटिमीटरची. तरुणपणी कुणीतरी बिअरच्या पैजेवर ती मोजली होती, आणि तेव्हापासून 'वोल्टमानची वीत' हे त्या कालव्यावर मापच होऊन बसलं. माणसाचं नाव रस्त्याला देतात, याचं मापाला दिलं गेलं. हिनर्क वरवर म्हणे, "कसलं काय!" पण म्हणताना पंजा मात्र ताणलेला असे.

मग एका ऑक्टोबरात नैर्ऋत्येकडून तीन दिवस वादळ घोंगावत राहिलं. चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर कुबट वास आला. भिंत पाझरली होती आणि तिच्यालगतची थप्पी भिजली होती. हिनर्कने तासाभरात माणसं लावून पोती हलवली, पण अडतीस पोती वेलदोडा बुरसला तो बुरसलाच. माल गेझा टीडेमानचा. छोटी व्यापारीण. नाताळची बिस्किटं करणाऱ्या बेकऱ्यांना ती वेलदोडा पुरवी आणि त्या सहा आठवड्यांच्या विक्रीवर वर्षभर दुकान चालवी.

गेझा आली. एक पोतं उघडून तिने वास घेतला आणि तोंड पुन्हा बांधून ठेवलं, आजाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालावं तसं.

"मालाचा विमा असेलच तुमचा," हिनर्क म्हणाला.

"नाही."

"अहो गेझा, का नाही?"

"आता काय सांगू? माल तुमच्याकडे होता ना! तुमच्याकडे ठेवून वर विमा काढायचा म्हणजे चर्चमध्ये हेल्मेट घालून बसायचं."

हिनर्कला आयुष्यात कुठल्या कौतुकाने एवढं लागलं नव्हतं.

"माझा आहे विमा," तो म्हणाला. "तीस वर्षं हप्ते भरतोय. एकदाही काही मागितलं नाही. आता मागतो."

विमा कंपनीचा माणूस, रावेन्स, दुसऱ्याच दिवशी आला. सभ्य, लांबट, सतत सर्दी झालेला. त्याने छप्पर पाहिलं, पन्हळी पाहिल्या, वह्या पाहिल्या, आणि पाहता पाहता त्याचा चेहरा उजळत गेला.

"अभिनंदन, हिनर्क! तुमचं कणभरही चुकलेलं नाही."

"वा! मग भरपाई कधी?"

"कसली भरपाई? मालाचा विमा मालकाने काढायचा. तुमचा विमा आहे तुमच्या चुकीचा. चूक असेल तर आम्ही देतो. चूक नाही, तर तुमच्यावर जबाबदारी नाही, आणि आमच्यावर तर नाहीच नाही. टीडेमान बाईंनी दावा लावलाच, तर आमचा वकील तुमच्यातर्फे उभा राहील. फुकट!"

"म्हणजे माझ्या पैशाने तुम्ही तिच्याशी भांडणार?"

"त्यासाठीच तर हप्ते घेतो आम्ही."

हिनर्क चक्रावला. निष्काळजी गोदामवाल्याचं गिऱ्हाईक तरतं आणि काळजी घेणाऱ्याचं बुडतं, हे गणित त्याला तीस वर्षांत कुणी समजावलं नव्हतं. त्याने घाईघाईने स्वतःच्या चुका शोधायला घेतल्या.

"पन्हळी तुंबल्या असतील."

"सप्टेंबरात साफ केल्यात. पावती लावून ठेवलीय तुम्ही."

"उंदीर?"

"तुमच्याकडचे उंदीर जेवायला शेजारी जातात, हिनर्क. बरं, थप्पी भिंतीपासून किती लांब होती?"

"एक वीत."

रावेन्सने पुढे विचारलंही नाही. त्याने कागदावर लिहिलं: एकवीस. भिजलेली थप्पी तर हलवलेली होती, आणि वोल्टमानच्या वितीवर टेप कोण लावणार?

तो गेल्यावर हिनर्क त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या थप्पीपाशी उभा राहिला. ती त्याच दिवशी, त्याच हाताने लावली होती. चाळा म्हणून त्याने टेप ताणली. सोळा.

टेप खराब असणार. त्याने दुसरी आणली. सोळा. तिसरी शेजारच्या गोदामातून मागून आणली. तिने किंचित मोठ्या मनाने साडेसोळा दाखवले. मग त्याने पंजा भिंतीशी ताणला. अंगठा भिंतीला, करंगळी पोत्याला, अगदी चपखल. वीत पुरी भरत होती. फक्त ती वीत राहिली नव्हती.

रात्रीच्या जेवणाला त्याने ताटातल्या हेरिंग माशाकडे पाहिलंही नाही.

"आल्मुथ, माझा हात लहान झालाय?"

"तुला आज कळतंय?" ती म्हणाली. "दोन वर्षं लोणच्याच्या बाटल्या मी उघडतेय. सांधे आखडलेत, डॉक्टरला दाखव म्हटलं तर म्हणालास, हातमोजे सैल झालेत. आण इकडे." तिने त्याचा पंजा आपल्या हातात घेऊन चोळायला सुरुवात केली. "का रे, काय झालं?"

त्याने सांगितलं. कागदावर एकवीस लिहिलंय. तो गप्प राहिला तर कालव्यावर त्याचं नाव शाबूत, आणि गेझाचं दुकान नाताळाआधी बंद. बोलला तर एक्केचाळीस वर्षांचं माप खोटं.

"खोटं कशाला? जुनं झालं म्हण," आल्मुथ म्हणाली. "आणि काही झालं तरी मासा खा. तो तुझाच आहे, दुसऱ्याचा नाही."

सकाळी त्याने रावेन्सला फोन लावला.

"तो आकडा खोडा. सोळा लिहा."

पलीकडे रावेन्सने नाक शिंकरलं.

"हिनर्क, नीट विचार करा. सोळा म्हणजे चूक. तुमच्या नावावर. कायमची."

"चूकच हवीय मला. पुरेल ना एवढी?"

"पुरेल. साधारण निष्काळजीपणा."

"साधारण?" हिनर्कचा आवाज चढला. "एक्केचाळीस वर्षांत पहिली चूक, आणि ती साधारण?"

"घोर असती तर आम्ही हात आखडता घेतला असता. साधारणच बरी. पण मी स्वतः येऊन मोजतो. तुमच्या शब्दावर आता कसं जायचं?"

हे शेवटचं वाक्य तो सहज बोलला. हिनर्कला मात्र ते त्या सोळाच्या आकड्यापेक्षा जास्त लागलं.

भरपाई मिळाली. गेझाने दुसरीकडून वेलदोडा उचलला आणि बेकऱ्यांना उशिरा का होईना, पोचवला. कालव्यावर महिनाभर थट्टा चालली. बिअर मागवताना लोक म्हणत, "मला वोल्टमानची वीतभर दे," आणि बिअर देणारी पोरगी ग्लास दोन बोटं कमी भरी.

फेब्रुवारीत गेझाची नवी पोती आली. हिनर्कच्याच दारात.

"इकडे कशाला आणलीत?" तो म्हणाला. "मी नोंदलेला निष्काळजी आहे."

"माहीत आहे. या वेळी मालाचा विमा काढलाय मी."

हिनर्कने मान खाली घातली. "बरोबर केलंत."

"विमावाल्याने विचारलं, माल कुठे ठेवणार? तुमचं नाव सांगितलं तर हसायला लागला. म्हणे, तो सोळावाला ना? मग हप्ता थोडा कमी करतो."

"कमी? का म्हणून?"

"मीही तेच विचारलं. तो म्हणाला, बाकीच्यांच्या चुका आम्हाला शोधाव्या लागतात."

हिनर्कने खिशातून टेप काढली, एक टोक गेझाच्या हातात दिलं आणि रागावल्यासारखा म्हणाला, "भिंतीला धरा. नीट धरा हो, हलवू नका!"