गोल्डरूनची शपथ

गोल्डरूनला मी कधी स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही. जेवायला बसली तरी लक्ष दाराकडे. बोलता बोलता मध्येच उठायची, कुंपणापर्यंत जायची, दलदलीकडे बघायची, परत यायची आणि विचारायची, "काय म्हणत होतीस गं, सनगिफू?" मी सांगायला सुरुवात करायच्या आत बाई पुन्हा कुंपणापाशी. तिचं दार माझ्या दाराला लागून, त्यामुळे हे सगळं मला सोसावं लागलं. मी घरी बिअर करून विकते. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक तासभर ढिम्म बसतं, आणि शेजारी ही अशी.

तिचे हात मात्र कामाचे होते. वाम मासे धरायच्या वेताच्या टोपल्या तिच्यासारख्या आमच्या अख्ख्या हॅडनी गावात कुणी विणत नसे. आमच्याकडे साहेबाचा वर्षाचा हिस्सा वामांतच द्यावा लागतो. साहेब समुद्रापलीकडून आलेले, त्यांना आमचं काही म्हणजे काही आवडत नाही. ना भाषा, ना नावं, ना मिशा. वाम तेवढे आवडतात.

गोल्डरूनचा नवरा हिवतापाने लवकर गेला. राहिला एकुलता एक मुलगा, सेविन. तो आईच्या अगदी उलट. होडीखाली सावली दिसली की हा तिथे आडवा. गावात सगळे त्याची थट्टा करायचे, पण त्याच्यावर रागवावंसं कुणाला वाटायचं नाही. साहेबांनी शहरात गढी बांधायला काढली तेव्हा प्रत्येक घरातून एक माणूस माती वाहायला नेला. गोल्डरूनच्या घरातून सेविन गेला. तिथे दुपारी हा टोपलीवर डोकं ठेवून झोपला. त्यांच्या मुकादमाने लाथ घालून उठवलं. जन्मात ज्याने माशी मारली नव्हती त्या पोराने उठल्या उठल्या फावडं उचललं आणि मुकादमाचा जबडा मोडला. मग धूम ठोकली ती थेट दलदलीत. तिथे आधीपासून असे बरेचजण लपलेले होते. कचेरीत त्याच्या नावाचा पुकारा झाला, तो काही हजर झाला नाही, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की हा आता लांडगा; ज्याला सापडेल त्याने मारावा, मारणाऱ्याला शिक्षा नाही.

तेव्हापासून गोल्डरूनच्या कुंपणापर्यंतच्या फेऱ्या सुरू झाल्या. हिवाळ्यात दलदल गोठली की ती जास्तच बिथरायची, कारण बर्फावरून माणूस चालत येऊ शकतो. येणारा तसा शोधणाराही. ती मला म्हणायची, "आला तर त्याला आधी जेवायला घालीन, मग मुस्काटात देईन." मी म्हणायचे, "उलट कर बाई, भरल्या पोटी त्याला मार लागायचा नाही."

असे काही हिवाळे गेले. मग एका सकाळी माझा नवरा केटिल टोपल्या उचलायला गेला आणि त्याला लव्हाळ्यात एक प्रेत सापडलं.

आता, आमच्याकडे अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? लांब काठी घेतो आणि प्रेत हळूच शेजारच्या गावाच्या हद्दीत ढकलतो. शेजारचं गावही तेच करतं. एक बिचारा असा महिनाभर दोन गावांमध्ये पाहुणचार घेत फिरत होता. पण माझा नवरा! त्याने ते बाहेर ओढलं, काठावर सरळ निजवलं, छातीवर त्याचे हात ठेवले आणि गावभर हाळी दिली. मी धावत जाऊन बघते तर सगळं संपलेलं. साहेबांच्या दिवाणाचा घोडा आमच्या आधी तिथे पोचला होता.

कायदा असा की, मारलेला माणूस सापडला आणि तो आमच्यातला आहे हे त्याच्या रक्ताच्या माणसांनी शपथेवर सांगितलं नाही, तर तो साहेबांच्यातला धरायचा. आणि त्यांच्यातला म्हटलं की अख्ख्या गावाचे बैल दंडात जातात, शिवाय ज्याच्यावर संशय त्याची मान. या प्रेताच्या अंगावर कपडे नव्हते, चेहरा माशांनी खाल्लेला, डोक्याच्या मागे जखम. संशय कुणावर, तर ज्याला सापडलं त्याच्यावर. केटिलला दिवाणाने कोठारात साखळीला बांधलं. शेरीफचा, म्हणजे राजाच्या अंमलदाराचा माणूस रविवारी प्रार्थनेनंतर येऊन फैसला करणार होता.

आणखी एक गोष्ट होती, ती आम्ही आपापसातही मोठ्याने बोललो नाही. त्या प्रेताची मान मागच्या बाजूने भादरलेली होती. खुंट उगवले होते, पण भादरलेली होती. अशी मान आमच्यातलं कुणी ठेवत नाही, साहेबांची माणसं ठेवतात.

त्या संध्याकाळी गावकारभारी डनिंग माझ्या घरी आला, त्याच्या मागून बरेच लोक. बिअर कुणी मागितली नाही, यावरून काय ते समजा. गोल्डरून दारातून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत होती.

"गोल्डरून ताई," डनिंग म्हणाला, "जरा थांब. तुझ्याशीच बोलायचंय."

"बोल की. मी काय कानांनी चालते?"

"तो सेविन आहे असं तू सांग."

ती चालतच राहिली. "तो सेविन नाही."

"नाहीच. पण तू सांग. सेविन आपल्यातला, म्हणजे गावावर बालंट नाही. वरून तो लांडगा ठरलेला, म्हणजे मारणारा कुणीही असो, त्याला शिक्षा नाही. केटिल सुटतो, बैल वाचतात. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं तर यातलं अर्धंच साधतं. तूच सांग, गावात असं दुसरं नाव आहे का?"

"आणि माझा पोरगा परत आला की? त्याला काय सांगू? तू मेलास, घरी ये?"

"इतक्या हिवाळ्यांत आला का? आला तरी त्याला मारणारच ना? उलट मेला म्हटल्यावर त्याला कुणी शोधणार नाही."

"तुझ्या पोराला मार ना मग! तुला तर चार आहेत. त्यातल्या दोघांची नावं तू साहेबांचीच ठेवलीस, ते तर गेल्यातच जमा!"

कुणीतरी हसलं. मग मी उठले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले, तिचे पाय धरले, म्हणजे तरी ती थांबेल. "माझा नवरा मूर्ख आहे," मी म्हटलं, "मेलेल्याचे हात नीट ठेवायला गेला. पण माझ्याकडे तेवढा एकच मूर्ख आहे गं."

मला याची लाज वाटत नाही. उद्या वेळ आली तर पुन्हा धरीन.

तिने खाली माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "सोड. मला ते प्रेत नीट बघू दे. खोटं बोलायचं तर त्याची तयारी करायला हवी."

रविवारी चर्चच्या अंगणात शेरीफचा माणूस बाकावर बसला, शेजारी दिवाण, मध्ये दुभाष्या. शपथेला बापाकडचाही एक नातेवाईक लागतो म्हणून सेविनचा चुलत आजोबा टोकी आणलेला. टोकीआजोबांना ऐकू येत नाही. त्यांनी संताच्या अस्थींच्या पेटीवर हात ठेवला आणि विचारायच्या आतच "हो" म्हणाले. नंतर दोनदा विचारलं तरी "हो"च म्हणाले, आणि एकदा कुणी काहीच विचारलं नसताना.

मग गोल्डरूनची पाळी. तिने आधीच आपल्या डोक्याचं फडकं सोडून त्या प्रेताच्या डोक्याला गुंडाळलं होतं, मानेपर्यंत, घट्ट. उघड्या डोक्याने ती सगळ्यांसमोर उभी राहिली. तिचे केस पिकलेत हे मला त्या दिवशी कळलं.

दुभाष्याने विचारलं, "तोंड तर राहिलं नाही. ओळखलंस कशावरून, बाई?"

"डाव्या पायाची करंगळी दुमडलेली आहे, बघा. जन्मला तेव्हाच सुईण म्हणाली होती, हा पोरगा लांब जायचा नाही."

सेविनची करंगळी सरळ होती. लहानपणी होडीखाली झोपलेल्या त्या पोराचे पाय अख्ख्या गावाने बघितलेत. कुणी डोळ्याची पापणी हलवली नाही.

शेरीफच्या माणसाने आधी करंगळीकडे बघितलं आणि नंतर तिच्याकडे. मग काहीतरी बोलला. दुभाष्याने ते आम्हाला सांगितलं, "शपथ मान्य. पण साहेब म्हणतात, ही खोटी निघाली, हिचा पोरगा कुठेही जिवंत दिसला, तर हिचा हात तोडायचा, त्या केटिलला फासावर द्यायचं आणि गावाने दुप्पट भरायचं."

केटिल त्याच संध्याकाळी घरी आला. मी त्याला जवळ घेतलं, मग चांगलंच धुतलं. प्रेत चर्चच्या मागे पुरलं. पाद्रीबुवा सेविनचं नाव घेऊन मेलेल्यांची प्रार्थना म्हणत होते आणि गोल्डरून कबरीभोवती गोल गोल फिरत होती. दर वेळी नाव आलं की ओठातल्या ओठात पुटपुटायची, "तू नाही रे, तू नाही." बुवांनी ऐकलं, पण प्रार्थना थांबवली नाही. चांगला माणूस होता तो.

नंतरचं वर्ष शांत गेलं, म्हणजे गावाचं. गोल्डरून टोपल्या विणत राहिली. शिष्टाचार म्हणून बायका तिच्याकडे रडायला जायच्या आणि ती त्यांना हाकलून द्यायची. मग जुना राजा वारला आणि नवा बसला. नव्या राजाला आमची माणसं हवी होती; कुणाशी तरी लढायचं होतं त्याला. बाजारात दवंडी पिटली गेली की, दलदलीत लपलेल्यांनी बाहेर यावं, साहेबाच्या हातात हात द्यावेत, मागचं सगळं माफ.

त्या दिवशी सगळं गाव नाचलं. माझी बिअर दुपारीच संपली. आठवडाभरात एकेक जण लव्हाळ्यातून बाहेर यायला लागला. दाढ्या वाढलेल्या, अंगाला कुजक्या गवताचा वास. कुणाचा भाऊ, कुणाचा बाप. दिवाण प्रत्येकाचं नाव विचारायचा आणि जाऊ द्यायचा.

मी गोल्डरूनकडे गेले तर ती घरात नव्हती. दलदलीच्या बांधापाशी सापडली, गुडघाभर चिखलात.

"तो कुणाला दिसायच्या आत मला गाठायला हवा," ती म्हणाली. "सगळ्यांना माफी आहे गं. मेलेल्याला नाही."

"त्याला दवंडी कळली नसेल."

"कळली असेल. जेवणाची आणि घरी यायची बातमी त्याला नेहमी कळते."

मग ती पहाटेपासून अंधार पडेपर्यंत बांधावर. मी भाकर नेऊन द्यायचे, ती उभ्या उभ्या खायची. आम्ही पाळ्या लावायचा प्रयत्न केला, पण बांध लांबलचक आणि पायवाटा बऱ्याच. त्यातून गवतकापणी आली. साहेबाच्या कुरणात त्या दिवशी प्रत्येक घराला जावंच लागतं, न गेलेल्याच्या दाराशी दिवाण स्वतः येतो. गोल्डरूनला ओढून न्यावं लागलं. पुरुष कापत होते, आम्ही बायका मागून दाताळ्याने गवत ओढत होतो. ती चार वेळा ओढायची आणि मान वळवायची. दिवाण घोड्यावर बसून सावलीत, दुभाष्या त्याच्याजवळ.

दुपारी एक माणूस बांधावरून खाली उतरला. बारीक, उन्हाने काळवंडलेला, खांद्यावर गाठोडं. सरळ कुरणातून चालत आला, तोंडभर हसत. मी त्याला चालण्यावरून ओळखलं. सगळ्यांनीच ओळखलं असणार, कारण ओळीने कोयत्यांचा आवाज बंद पडला.

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई."

दिवाणाने मान वर केली.

गोल्डरूनने दाताळं जमिनीत रोवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती एका जागी निश्चल उभी होती. "कुणाला हाक मारतोस, बाबा?" ती मोठ्याने म्हणाली, दुभाष्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "मला एकच मुलगा होता. सेविन. तो त्या चर्चच्या मागे पुरलाय. मीच शपथेवर ओळखला त्याला. या सगळ्यांच्या देखत."

त्याचं हसू तसंच राहिलं होतं, नुसतं तोंडावर. त्याने तिच्याकडे बघितलं. मग आमच्याकडे. आम्ही कुणी त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही. टोकीआजोबा काहीतरी बोलायला तोंड उघडत होते, डनिंगने त्यांच्या हातात पाण्याचा घडा कोंबला.

दिवाणाने घोडा पुढे घातला. दुभाष्या ओरडला, "कोण रे तू? कुठून आलास?"

पोरगा सुस्त होता, मठ्ठ नव्हता. त्याने गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "उत्तरेकडचा आहे, मालक. कामाच्या शोधात. गाव चुकलं वाटतं."

मग तिच्याकडे वळून वाकला आणि म्हणाला, "माफ करा हं, मावशी. माझ्या आईसारख्या दिसलात."

"होतं असं," ती म्हणाली. "या वाटेने सरळ जा. नदीपलीकडे माणसं लागतात कामाला. इथे नको थांबूस."

तो गेला. वळून बघितलं नाही त्याने; बघितलं असतं तर मला वाटतं ती कोसळली असती. दिवाण थोडा वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिला, मग माश्या वारत सावलीत परत गेला. कोयते पुन्हा सुरू झाले. गोल्डरूनने दाताळं उपसलं आणि माझ्या शेजारी येऊन गवत ओढायला लागली.

बऱ्याच वेळाने, हात न थांबवता, तिने मला विचारलं, "कुणाचा गं तो? किती वाळलाय. जेवला असेल का?"

मी समोर बघितलं. पुढच्याच ओळीत माझा केटिल खाली मान घालून गवत कापत होता.