रशीदभाईंची कोरडी विहीर

आमच्या अमळनेरच्या गल्लीत कुणी गेलं की मशिदीच्या भोंग्यावरून रशीदभाईच सांगायचे. त्या सकाळी आवाज दुसऱ्याचा होता आणि नाव त्यांचं. मी भाजी चिरत होते... विळीवर तशीच बसून राहिले. सव्वा महिना होत आला, अजून खरं वाटत नाही.

आम्ही दोघं शिक्षक. ते उर्दू शाळेत, मी मराठी. माझ्या परसाची भिंत मशिदीला लागून, त्यामुळे त्यांची भांडणं मला घरबसल्या ऐकू यायची. निवृत्तीनंतर त्यांनी एकच ध्यास घेतला. नमाजाआधी हात, पाय, तोंड धुतात, ते वुजूचं पाणी गटारात जायचं. ते वाळू-खडीच्या खड्ड्यात जिरवून आवारातली आटलेली विहीर जिवंत करायची. नळ काढून लोटे ठेवले तेव्हा तर केवढा गोंधळ! हे शांत. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूला जास्तीचं पाणी घेऊ नका अशी आपल्याला शिकवण आहे, एवढंच सांगायचे.

उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले, विहीर कोरडीच. मी चिडवायची, "रशीदभाई, विहीर तुमच्यासारखीच हट्टी हो!" ते अहिराणीवर यायचे. "ताई, हाई पाणी आपलं नही शे. अमानत शे. ज्यासनं नाव बी आजून ठेयेल नही, त्यासनं शे."

पाणी म्हणजे अजून न जन्मलेल्यांची ठेव, असं म्हणायचे, पण जीव विहिरीतच अडकलेला. रोज दुपारच्या नमाजानंतर खडा टाकून कान लावायचे. खट्ट वाजायचं. शेवटी शेवटी छातीत धाप मावत नव्हती, तरी भिंत धरून आले. "एकदा डुबुक ऐकलं ना ताई, मग झालं." नाही ऐकलं हो त्यांनी. पुढच्यांसाठी एवढं करणाऱ्या माणसाला तेवढंही मिळू नये? मला राग आहे याचा, आणि तो जात नाही.

परवा भाभींना भेटायला गेले. नवरा गेल्यानंतरच्या इद्दतमध्ये आहेत त्या, घराबाहेर पडत नाहीत. त्या घरात पाहुण्याला पाणी अर्धा पेलाच मिळतं. हवं तर आणखी मागायचं, ही रशीदभाईंची शिस्त. भाभींनी पेला काठोकाठ भरून आणला. माझ्या हातात देताना पाणी फरशीवर सांडलं. "सांडू दे," त्या म्हणाल्या, "आता कोण ओरडणार?" मग खाली बसल्या, ओढणीने सगळं पाणी टिपलं, उठून दारातल्या मोगऱ्याच्या कुंडीत ओढणी पिळली... आणि पिळता पिळताच हमसून रडायला लागल्या.