कोनाले आहे हा सलाम?

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी धरमपेठेत चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून घेत होतो. समोरची बारकी अक्षरं आधीच दिसत नव्हती, मग तर अख्खा फळाच दिसेना... आता महिना झाला. त्याच्याविषयी चांगलं लिहावं म्हणून बसतो आणि आठवतो तो माझाच नालायकपणा.

सुधाकर खापरखेड्याच्या वीज केंद्रात टर्बाइनवर होता, मी तिथल्या शाळेत मास्तर. त्याची पाळी सुटली की मला स्कूटरवर मागे बसवायचा आणि नागपूरला मारधाडीचा पिक्चर पाहायला न्यायचा. तीस वर्षं हेच चाललं. नव्या पिक्चरात जुन्याची खूण दिसली रे दिसली, की हा बहाद्दर खुर्चीतून अर्धा उठून कपाळाला हात लावणार, "सलाम!" मागून लोक ओरडायचे, "अबे, बस न खाली!" नायकानं मारामारीआधी मनगटावरचं घड्याळ काढून शेजारच्या म्हातारीच्या हाती दिलं, तर ते आधी कोणत्या पिक्चरात, कोणी, कोणाला दिलं होतं, सगळं याला पाठ. मी मुद्दाम डिवचायचो, सरळसरळ चोरी आहे म्हणून. तो खवळायचा. "चोरी काहून? चोर माल लपवते, मास्तर. हा तर चारचौघात पाया पडून राहिला न गा!"

मी मात्र एकही नाव लक्षात ठेवलं नाही. कशाला ठेवू? तो होता ना.

दोन वर्षांपूर्वी तो विसरायला लागला. आधी गॅस बंद करायचं, मग घरचा रस्ता, मग नातवाचं नाव. पिक्चर तरी राहतील, अशी वेडी आशा मी धरून बसलो होतो. म्हणून दिवाळीनंतर त्याला मिहानकडच्या मल्टिप्लेक्सला नेलं. पडद्यावर पिठाच्या गिरणीत मारामारी सुरू झाली. सगळे पांढरेफटक, नायक कोण अन् गुंड कोण कळेना. सुधाकर अर्धा उठला, हात कपाळापर्यंत गेला... आणि तिथेच थांबला.

"मास्तर, कोनाले आहे गा हा सलाम?"

तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं मला विचारलं, आणि मला येत नव्हतं. जुन्या पिक्चरातली ती मूळची गिरणी आम्ही दोघांनी मिळून पाहिली होती, एवढंच आठवत होतं. त्याचा चेहरा इतका घाबरला होता, की मी तोंडाला आलं ते पिक्चरचं नाव ठोकून दिलं. "हो बे, तोच!" म्हणून तो हसला आणि त्यानं सलाम पुरा केला. मलाही बरं वाटलं. लाज नाही मला.

परवा वहिनींनी घरी बोलावलं. त्याच्या खाटेवर उशी तशीच होती, समोर टीव्ही. "भाऊजी, शेवटी शेवटी मलेबी ओळखत नव्हते जी. पण तुमी सांगतलेलं त्या पिक्चरचं नाव रोज घेत. पोट्ट्यानं शोधून आणला. तो गिरणीचा सीन दाखवा न आमाले."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. सगळं घर पिक्चर पाहत बसलं.

"आता येते का जी?" वहिनींनी दोनदा विचारलं.

"येईल," मी म्हणालो.

पिक्चर संपला, नावं सरकायला लागली, तरी कोणी उठेना. मग वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "मंजे... हे नावबी ते विसरलेच होते न, भाऊजी?"

मी मान हलवली. हो म्हणून.