पिवळ्या फडक्याची बॅग

विमानतळाच्या ठाण्यातली ती दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. निवृत्त झाल्यापासून मोठमोठ्या तपासांतले बारकावे पुसट होत चाललेत, पण एका लहानशा निळ्या बॅगेचा तपास मात्र सगळाच्या सगळा आठवतो.

मी मूळचा निपाणीकडचा. घरी मराठी, नोकरीत कन्नड. बेंगळुरूतल्या निरनिराळ्या ठाण्यांत घासून निघाल्यावर शेवटी विमानतळाच्या ठाण्यात निरीक्षक म्हणून आलो. नातेवाइकांना वाटलं, बरं झालं, साहेबांना एसीची हवा मिळाली. कसली हवा! बाजारातल्या ठाण्यात माणसं भांडायला येतात आणि भांडून मोकळी होतात. विमानतळावर सगळे इस्त्रीचे कपडे घातलेले आणि आतून खदखदणारे. गावाहून बेंगळुरूला यायला माझी बसमध्ये अख्खी रात्र जायची. विमान तेवढं अंतर चहा-बिस्किटात संपवतं, हे खरं. पण त्याआधी ते तुम्हाला रांगेत उभं करतं, पट्टा काढायला लावतं, पाण्याची बाटली टाकायला लावतं, आणि मग ‘विमानाला उशीर आहे’ एवढंच सांगून खुर्चीवर बसवून ठेवतं. कशामुळे उशीर, किती उशीर, कोणी सांगत नाही. वाट पाहणं माझ्या स्वभावात नाही. त्या ठाण्यात मी खुर्चीत कमी आणि आगमन कक्षात येरझाऱ्या घालताना जास्त दिसायचो.

त्या आठवड्यात बेंगळुरूच्याच शिवाजीनगरच्या बाजारातून आमच्या खबऱ्याने खबर दिली होती. सामानाच्या पट्ट्यावरून बॅगा उचलणारी एक टोळी आहे, पोरं रीतसर तिकीट काढून विमानाने येतात, पट्ट्यावरची दुसऱ्याची बॅग उचलून शांतपणे बाहेर पडतात, आणि माल शिवाजीनगरात विकला जातो. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि साध्या वेशातले दोघे आगमन कक्षात ठेवले. तेव्हापासून आमच्या हेड कॉन्स्टेबलला प्रत्येक ट्रॉलीमागे टोळी दिसू लागली होती.

अशातच दुपारी एक गृहस्थ ठाण्यात आले. वय माझ्याएवढंच. पांढरा सदरा, पायात नवे बूट, नवे असल्यामुळे चावणारे. हातात सामानाच्या पावतीचा चिठोरा घट्ट धरलेला.

“साहेब, माझी बॅग गेली,” ते म्हणाले. “कपडे जाऊ देत. त्यात पोरीचं औषध हाय.”

मराठी ऐकून मी त्यांना समोर बसवलं. ते कऱ्हाडकडचे, साखर कारखान्यात फिटर होते. मुलगी बेंगळुरूत आयटीत नोकरीला, एकटी राहणारी. तिला रक्ताचा आजार निघाला होता आणि ती इथल्या दवाखान्यात होती. तिला लागणारी इंजेक्शनं बेंगळुरूत संपलेली, पुण्यात मिळाली. त्या संध्याकाळचा डोस चुकता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला. बर्फात ठेवलेला थर्माकोलचा डबा त्यांनी छोट्या बॅगेत घातला होता आणि बॅग हातातून सोडायची नाही असं ठरवलं होतं. पण विमानाच्या दारात कर्मचारी म्हणाली, वर जागा शिल्लक नाही, हातातल्या बॅगा खाली सामानात टाकाव्या लागतील.

“मी म्हटलं, ताई, औषध हाय. ती म्हणाली, काका, पट्ट्यावर मिळेल, काळजी करू नका. मागची माणसं ‘चला, चला’ करायला लागली. मग दिली मी.”

पट्ट्यावर बॅग आली नाही. विमान कंपनीच्या खिडकीवर त्यांना सांगण्यात आलं की तक्रार नोंदवली आहे, एक-दोन दिवसांत कळवू. बर्फ संध्याकाळपर्यंत टिकेल असं औषधवाल्याने सांगितलं होतं. खिडकीमागच्या माणसाला त्यांनी हेही सांगितलं. त्याने पुन्हा ‘एक-दोन दिवसांत’ म्हटलं.

मला संताप आला. कंपनीवर, त्या घाईवर, त्या गोड बोलण्यावर. पण संतापाने बॅग सापडत नाही. मी विचारलं, बॅगेची खूण काय?

“निळी हाय. मुठीला पिवळं फडकं बांधलंय. खंडोबाचा भंडारा त्यात. बायकोनं बांधला, औषध सुखरूप पोचावं म्हणून.”

आम्ही सुरक्षा दलाच्या खोलीत जाऊन फुटेज मागवलं. ते गृहस्थ माझ्या मागे उभे. पट्टा फिरत होता आणि त्याच्याभोवती, तुम्ही पाहिलं असेल, माणसं पट्ट्याला गुडघे टेकवून उभी होती, जणू मागे सरकलं तर बॅग रुसून परत जाईल. तेवढ्यात चार-पाच तरुण पुढे आले. ते बॅगांवरची नावं बघत नव्हते, पावत्या ताडून बघत नव्हते. धडाधड बॅगा ओढून ट्रॉल्यांवर टाकत होते. त्यांतच निळी बॅग गेली. ट्रॉल्या बाहेर, बाहेर उभ्या बसमध्ये, आणि बस गेली.

“टोळीच, सर,” हेड कॉन्स्टेबल म्हणाला. “केवढी मोठी टोळी!”

मला काहीतरी खटकत होतं. चोर बॅग उचलताना आजूबाजूला बघतो. ही पोरं एकमेकांना टाळ्या देत होती. एकाने तर कॅमेऱ्याखालीच सेल्फी काढला. शिवाय एक जण मागे राहिला होता. फुटेजमध्ये तो बसबरोबर गेलेला दिसत नव्हता. आमच्या साध्या वेशातल्या माणसांनी त्याला कॉफीच्या दुकानासमोर हटकलं. त्याच्या खिशात पिवळ्या कापडाच्या पट्ट्यांचा गठ्ठा सापडला. हेड कॉन्स्टेबलने तो माझ्या टेबलावर ठेवला, सोन्याची चेन जप्त केल्यासारखा.

“सर, बॅगांना खुणा करायचं साहित्य.”

तरुण पुण्याचा. घामाघूम झालेला. मी त्याला पाणी दिलं आणि समोर उभाच ठेवला. इतक्या वर्षांत मी एक पाहिलं आहे. चोराजवळ उत्तरं तयार असतात. निर्दोष माणूस उलट प्रश्न विचारतो, चिडतो आणि मामाला फोन लावू देता का म्हणतो. या पोराने तिन्ही गोष्टी केल्या.

“सर, सिरियसली, मी केलं काय? मला मामांना फोन लावू द्या ना.”

“पट्ट्यावरून निळी बॅग तू उचललीस?”

“कुठली निळी? मी सगळ्याच उचलल्या.”

“सगळ्या म्हणजे?”

“आमच्या. पिवळं फडकं दिसलं की ओढायची, असं मामांनी सांगितलं होतं.”

“आणि बॅग कोणाची ते?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. “सर, वऱ्हाडात कोण बघतं कोणाची ते?”

मी पट्ट्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. वऱ्हाड! बाकीचं पोराकडून कळलं. नवरदेवाकडची मंडळी पुण्याहून एकाच दिवशी निघालेली, पण सगळ्यांना एका विमानाची तिकिटं न मिळाल्याने दोन तुकड्यांत विभागलेली. हा पोरगा दुसऱ्या तुकडीची वाट पाहत थांबला होता, आणि पुण्यात बॅगांना बांधून उरलेल्या पट्ट्या त्याच्या खिशात राहिल्या होत्या. आपल्याकडे लग्नाच्या प्रवासात स्वतःचं सामान स्वतः कोणी उचलत नाही. म्हातारी माणसं पुढे जातात, पोरं मागून सगळं ओढून आणतात, आणि ज्याचं त्याला कार्यालयात सापडतं. एसटीच्या टपावरून सामान उतरवण्याची तीच रीत या मंडळींनी विमानतळावर चालवली होती. एका आईने रक्षणासाठी बांधलेलं फडकं नेमकं त्यांच्या खुणेच्या रंगाचं निघालं. हेड कॉन्स्टेबलला हे कन्नडमधून समजावताना मला अर्धं हसू येत होतं आणि अर्धी काळजी वाटत होती.

“कार्यालय कुठे?”

“होसकोटेच्या पुढे कुठेतरी. गेटवर दोन मोठे हत्ती आहेत सिमेंटचे.”

पत्ता वरपक्षाला कधीच माहीत नसतो. हेड कॉन्स्टेबलला मात्र हत्ती माहीत होते. “सरी सर, ठीक आहे, मला ठाऊक आहे,” म्हणत तो जीपकडे धावलासुद्धा.

मामांचा फोन वाजत राहिला, उचलला जाईना. मी होसकोटेच्या ठाण्याला कळवलं, पुढे माणूस पाठवा म्हणून, आणि त्या गृहस्थांना घेऊन जीपमध्ये बसलो. ट्रकांच्या मागे जीप अडकली. मी दर वळणाला ड्रायव्हरवर ओरडत होतो. ते मात्र हातातला पावतीचा चिठोरा पुन्हा पुन्हा उलगडून वाचत होते. मग तो खिशात ठेवून ते माझ्याकडे वळले.

“साहेब, तुम्हाला एक सांगू? मला खिडकीची जागा मिळाली होती. विमान वर गेलं आणि ढग खाली राहिले. कापूस पिंजून वाळत घातल्यागत, जिथवर नजर जाईल तिथवर. मी बघतच राहिलो. बॅग खाली टाकलीय, पोर दवाखान्यात हाय, सगळं विसरलो. हसत होतो मी, साहेब. त्याचीच ही शिक्षा.”

“शिक्षा वगैरे काही नाही. बॅग चुकून गेलीय,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

तेवढ्यात मामांनी फोन उचलला. त्याची हकीकत नंतर कळली. होसकोटेचा शिपाई कार्यालयात पोचला आणि कन्नडमधून बॅगेबद्दल विचारू लागला. वऱ्हाडाला त्यातलं अक्षर कळलं नाही. पोलीस आला म्हणजे स्पीकरची तक्रार असणार, असं समजून त्यांनी गाणी बंद केली. गाणी थांबली म्हणून मामांना खिशातला फोन ऐकू आला.

“निळी बॅग ना? थांबा हं, बघतो,” मामा म्हणाले. पलीकडे बराच गलबला झाला. मग पुन्हा मामा आले. “सापडली, सापडली! आहे इथे.”

“आत थर्माकोलचा डबा आहे का?”

पुन्हा गलबला. “नाही हो. बॅग उघडी आहे. कपडे आहेत. डबा नाही.”

फोन स्पीकरवर होता. गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. पुढचा सगळा रस्ता मी ड्रायव्हरला नुसतं ‘चल, चल’ म्हणत होतो.

सिमेंटच्या हत्तींमधून जीप आत शिरली तेव्हा ऊन उतरलं होतं. फेटे बांधलेली माणसं बाजूला झाली. मी दारातूनच ओरडलो, “थर्माकोलचा डबा कोणी काढला?”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग नऊवारी नेसलेल्या एक काकू, नवरदेवाची आत्या असाव्यात, पुढे आल्या. त्या अजिबात घाबरलेल्या नव्हत्या.

“मी काढला. गजऱ्यांचा ना तो? मोगरा पुण्याहून आणू म्हणाले होते. मी बॅगेला हात लावला तर गारेगार. म्हटलं, ही पोरं उन्हात टाकतील आणि सगळे गजरे काळे पडतील. आचाऱ्याच्या फ्रिजमध्ये ठेवायला लावला. आणि सीमांतपूजन होईपर्यंत कुणी उघडायचा नाही, करवल्यांना बजावून ठेवलंय.”

आम्ही स्वयंपाकघराकडे पळालो. दह्याच्या पातेल्यांमध्ये डबा होता. चिकटपट्टी तशीच. त्या गृहस्थांनी तो दोन्ही हातांनी काढला आणि छातीशी धरला. थंडीने हात लाल झाले तरी सोडेनात. काकूंना सगळं कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांना पदर लागला, आणि लगेच त्यांनी भाच्यांना अशा शिव्या घातल्या की आमच्या ठाण्यातही तेवढ्या ऐकल्या नव्हत्या.

दवाखान्यात डोसच्या वेळेआत पोचलो. नर्सने डबा उघडून पाहिला, डॉक्टरांना दाखवला, आणि मान हलवली. औषध चालणार होतं. मी बाहेरच्या बाकावर बसलो. त्या दिवसात मी पहिल्यांदा निवांत बसलो होतो.

गुन्हा दाखल झाला नाही. सामान चुकून गेलं व परत मिळालं, असा दोन्ही बाजूंचा जबाब घेऊन विषय मिटवला. खरी टोळी पुढे वेगळ्या दिवशी पकडली गेली, आणि ती पोरं इतकी शांत आणि सभ्य होती की कोणाला संशय आला नसता.

या तपासाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मी बॅगेच्या खुणेबद्दल बोलत नाही. माणसं प्रवासात सामान हरवतात, ते बहुतेक वेळा परत मिळतं. पण संकटाच्या काळात मिळालेला चार क्षणांचा आनंद माणूस स्वतःवर आरोपपत्रासारखा लावून घेतो, आणि तो आरोप मागे घ्यायला कोणतंच ठाणं नसतं. ज्याची काहीही चूक नव्हती तो माणूस माझ्या जीपमध्ये आरोपीसारखा बसला होता. चौकशी मी पुण्याच्या पोराची करत होतो, आणि कबुली हा देत होता.

काही आठवड्यांनी ते परत जायला निघाले, तेव्हा निरोप द्यायला मुलगी आली होती. अशक्त, तोंडाला मास्क, पण स्वतःच्या पायांवर उभी.

“काका, बाबांना समजवा,” ती मला म्हणाली. “मी किती वेळा विचारलं, विमानातून काय दिसलं? म्हणतात, काही नाही. आता खिडकीची सीट घेतलीय तर म्हणतात, बदलून दे.”

गृहस्थ जमिनीकडे पाहत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “पाव्हणं, सीट बदलायची नाही. बघायचं. आणि घरी पोचलात की काय बघितलं ते हिला सांगायचं. हा पोलिसाचा हुकूम समजा.”

ते आत गेले. मुलगी काचेपाशी उभी राहून त्यांचा पांढरा सदरा दिसेनासा होईपर्यंत पाहत होती. मुठीला पिवळं फडकं असलेली निळी बॅग या वेळी त्यांच्या हातातच होती.

संध्याकाळी माझ्या मोबाइलवर त्यांचा फोन आला. ‘पोचलो, बरा आहे’ असं काहीच म्हणाले नाहीत.

“साहेब, आज ढग नव्हते,” ते म्हणाले. “खालचं सगळं दिसलं. आमची कृष्णा नदी दिसली. आत्ताच पोरीला सांगितलं.”